ही वस्तू जरा पुढे पास करा

बसा बसा, मागे खुर्च्या आहेत अजून. सुरू करण्याआधी ही वस्तू पहिल्या रांगेतून मागे पास करत जा, हातात घेऊन बघा, नखाने थोडं खरवडलं तरी चालेल, पांढरा भुगा पडतो. काय आहे ते ओळखा. थर्माकोल? नाही. ज्यांच्या घरी पोपट किंवा लव्हबर्ड्स आहेत त्यांनी ओळखलं असेल, पिंजऱ्याला अडकवतात ते, चोच घासायला, बरोबर. आणि काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेन म्हणून मिळतं तेही हेच. त्या नावामुळे माझी आजी शेवटपर्यंत धरून चालली होती की हा लाटांचा फेस उन्हात वाळून घट्ट झालेला आहे, आणि खरं सांगते, कॉलेजात जाईपर्यंत मलाही तसंच वाटायचं.

तर हे माकूल नावाच्या समुद्री जीवाच्या पाठीतलं आहे. बाजारात दोन प्रकार येतात बघा, नळ माकूल म्हणजे स्क्विड, त्याच्या आत प्लॅस्टिकच्या पट्टीसारखी एक पारदर्शक काडी निघते, आणि दुसरं जाडजूड माकूल म्हणजे कटलफिश, त्याच्या पाठीत हे असतं. कोळीण साफ करून देताना ते काढून टोपलीखाली टाकते, म्हणून आपल्याला कधी दिसत नाही. म्हणजे मी लहानपणापासून माकुलाचं सुकं खात होते आणि दर मे महिन्यात किनाऱ्यावरून समुद्रफेन गोळा करून पाटीवर खडूसारखं घासत होते, आणि या दोन गोष्टी एकाच प्राण्याच्या आहेत हे मला कळायला वीस-एक वर्षं लागली! आतमध्ये याला बारीक बारीक कप्पे असतात, शेकड्याने, त्यात थोडा गॅस आणि थोडं पाणी, त्याचं प्रमाण कमीजास्त करून तो प्राणी पाण्यात अधांतरी थांबू शकतो, पाणबुडीसारखा. अंडी घालून झाली की माकूल मरतं, मऊ भाग कुणीतरी खाऊन टाकतं, आणि हे हलकं असल्यामुळे तरंगत तरंगत किनाऱ्याला लागतं.

आज मला सांगायचंय ते एवढंच आहे खरं तर. किनाऱ्यावर मेलेलं, तुटलेलं, रिकामं जे काही पडलेलं असतं ना, ते तिथल्या पाण्यात कोण राहतं याचा हजेरीपट असतो. आधी तो वाचायचा आणि मग त्यातला एखादा जिवंत कुठे भेटतो ते शोधायला पाण्यात डोकं घालायचं. बहुतेक लोक उलटं करतात, डायरेक्ट पॅकेज बुक करून मालवणला स्नॉर्केलिंगला जातात, दहा मिनिटं पाण्यात, चार फोटो, आणि घरी येऊन म्हणतात मासे होते खूप. कुठले? रंगीत.

आता कधी जायचं, हा पहिला प्रश्न. रविवारी सकाळी नाश्ता करून निघालो असं चालत नाही, समुद्राला रविवार माहीत नाही. पंचांग बघायचं. हसू नका. आपल्याकडे जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट केली की मुंबईची पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा. त्यात सहा तास आणि वर दहा-बारा मिनिटं मिळवली की ओहोटी. थोडं पुढेमागे होतं, अगदी मिनिटाला मिनिट लागत नाही, मोबाइलवर भरतीचं टाइमटेबल मिळतंच, पण हा हिशेब डोक्यात असला की लग्नात पत्रिका हातात आली तरी कळतं त्या दिवशी पाणी कधी बाहेर असणार (मला ही सवय लागली आहे, नवरा वैतागतो). मालवणात भरती मुंबईपेक्षा थोडी आधी येते आणि चढउतारही कमी असतो. मुंबईत उधाणाला चार-पाच मीटर पाणी चढतं-उतरतं, तिकडे त्याच्या जेमतेम निम्मं. म्हणून ओहोटीला खडकात फिरायचं तर मुंबई भारी, आणि पाण्यात डोकं घालायचं तर मालवण.

पौर्णिमा-अमावास्येच्या एक-दोन दिवस इकडेतिकडे जा, कारण तेव्हा पाणी सगळ्यात लांब जातं, आणि अष्टमीच्या आसपास भांग असते, म्हणजे पाण्याचा चढउतार सगळ्यात कमी, तेव्हा जाऊ नका, काही उघडंच पडत नाही. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोचायचं आणि पाण्याच्या मागे मागे चालत जायचं. पाणी वळलं की आपण वळायचं, हे मात्र नक्की, कारण खडकात मागून कुठून पाणी भरतं ते कळत नाही आणि सेल्फी काढताना तर अजिबात कळत नाही.

मुंबईत काय असणार, गटाराचं पाणी, असं मलाही वाटायचं. २०१७ पासून मरीन लाइफ ऑफ मुंबई म्हणून एक नागरिकांचा ग्रुप ओहोटीच्या वेळी लोकांना खडकांवर घेऊन जातो. हाजी अली, जुहू, कार्टर रोड, अशा ठिकाणी जिथे तुम्ही-आम्ही भेळ खाऊन परत येतो. खडकावर हिरवट-तपकिरी गालिचा पसरल्यासारखा दिसतो, जवळ गेलं की कळतं प्रत्येक ठिपका म्हणजे एक प्राणी आहे, तोंड मिटून बसलेला, झोअँथिड म्हणतात, त्याला बोट लावू नका, काहींमध्ये जबरदस्त विष असतं. समुद्रफुलं असतात, म्हणजे सी ॲनिमोन, तेही प्राणीच. शिंपल्याच्या आड लपलेला ऑक्टोपस असतो. आणि प्रवाळ आहेत, हो, मुंबईत प्रवाळ, कोस्टल रोडच्या कामाआधी २०२० साली वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरचे प्रवाळ काढून दुसरीकडे हलवले होते, तेव्हा पेपरात वाचून निम्म्या मुंबईला कळलं की ते तिथे होते. खडकात शांत उभे राहिलात तर कट-कट असा आवाज येतो, कुणीतरी सतत बोटं मोडतंय असा. ती एक छोटी कोळंबी, तिची एक नांगी मोठी असते, ती इतक्या जोरात मिटते की पाण्यात बुडबुडा होऊन फुटतो, त्याचा तो आवाज. मला आधी वाटलं होतं खडक उन्हाने तडकतायत.

वाळूवर या आता. वाळूत बुंदी सांडल्यासारख्या बारीक बारीक गोळ्या पडलेल्या असतात, त्या छोट्या खेकड्यांच्या, वाळू तोंडात घालून त्यातलं खाण्यासारखं तेवढं काढून घेतात आणि उरलेल्याची गोळी करून टाकतात, पुढच्या भरतीला सगळं साफ, पुन्हा पहिल्यापासून.

आणि शिंपले. तुम्ही लहानपणी शिंपल्यांची माळ केली असेल, त्यासाठी भोक असलेले शिंपले शोधायचो आपण, आठवतंय? ते भोक कुणी पाडलं असा प्रश्न मला कधी पडला नाही, देवानेच ओवायला दिलंय असं काहीतरी. नीट बघितलं तर ते भोक एकदम गोल असतं, आणि बाहेरून रुंद आत निमुळतं, सुताराने स्क्रूचं डोकं आत बसावं म्हणून करावं तसं. ते काम एका गोगलगायीचं आहे, मून स्नेल, गोल गुळगुळीत शंखाची, ती वाळूच्या खालून सरपटत जाते, तिसरी, म्हणजे शिंपल्यातला जीव, सापडली की तिला आपल्या मोठ्या पायाने गुंडाळून धरते आणि थोडं आम्ल लावत थोडं कानशीसारख्या जिभेने घासत बसते, तास न् तास, मग भोकातून आतलं खाते. म्हणजे आपली माळ म्हणजे मर्डर एव्हिडन्स होता सगळा.

याच गोगलगायीचा अजून एक किस्सा सांगते, माझी फजिती आहे. आम्ही बीच क्लीनअपला गेलो होतो, ग्लोव्हज, गोणी, सगळं. मला रबराच्या तुटक्या वॉशरसारखे तुकडे सापडायला लागले, राखाडी, अर्धवट कॉलरसारखे वळलेले, लवचीक. मी पंधरा-वीस तरी उचलून गोणीत भरले, वर आयोजकांना म्हटलं कुठल्यातरी फॅक्टरीचा माल आहे हा. बाजूला एक कॉलेजची मुलगी होती, ती म्हणाली, मावशी, अहो ती अंडी आहेत! मून स्नेल वाळू आणि चिकट द्रव मिसळून त्यात अंडी घालते आणि त्याची अशी कॉलर करून ठेवते. मग काय, गोणी उलटी करून बाटल्या, चपला, पाऊच यांच्यातून एकेक कॉलर शोधून परत पाण्याच्या कडेला ठेवत बसले.

पावसाळ्यात किनारा वेगळाच असतो. वाऱ्याने खोल समुद्रातलं सामान ढकललं जातं, डांबराच्या गोळ्या (पायाला लागलं तर खोबरेल तेल), गारंबीच्या बिया, शेवाळ, आणि चप्पल. एकेकटी चप्पल नेहमी, जोडी मला कधी सापडली नाही. तिच्या तळाला बघा, शंखासारखे पांढरे दाणे देठावर लटकलेले असतात, गूस बार्नॅकल, ती चप्पल बरेच दिवस समुद्रात फिरलेली आहे याची ती खूण. आणि निळ्या गोष्टी येतात. निळं बटण, म्हणजे जेलीफिशसारखा एक जीव, नाण्याएवढा. जांभळा शंख, जो स्वतःच बुडबुड्यांचा तराफा करून उलटा लटकून जगतो. आणि ब्लू बॉटल, फुगवलेल्या निळ्या पिशवीसारखी, खाली लांब दोऱ्या. ती एक प्राणी वाटते पण ती अनेक जीवांची वसाहत आहे, कुणी तरंगायचं काम करतो, कुणी पचवायचं, कुणी डंख मारायचं. २०१८ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या किनाऱ्यांवर यांनी कितीतरी लोकांना डंख केले होते. वाळूवर मेलेली दिसली तरी दोऱ्या डंख मारतात, पोरांना आधी हे सांगा. लागलंच तर चोळायचं नाही, दोरी काठीने बाजूला करायची, समुद्राच्याच पाण्याने धुवायचं, मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरायचं, आणि श्वासाला त्रास वाटला तर थेट डॉक्टर.

आता मालवण. सिंधुदुर्ग किल्ल्याचं बांधकाम १६६४ मध्ये सुरू झालं हे आपण शाळेत शिकलो, पण त्या तटाच्या बाहेरच्या खडकांवर पाण्याखाली प्रवाळ आहेत हे शिकलो नाही. १९८७ मध्ये तो भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला, साधारण २९ चौरस किलोमीटर. मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझं तेच झालं जे सगळ्यांचं होतं. लाइफ जॅकेट, मास्क, नळी तोंडात, तोंडाने श्वास घ्यायचा हे डोक्याला कळतं पण नाकाला कळत नाही, घाबरून दोनदा खारं पाणी प्याले, मास्कवर वाफ धरली, आणि जरा कुठे खाली बघते तर नेणाऱ्या पोराने माझ्या हातात ब्रेड कोंबला. लगेच पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माशांचा थवा अंगावर, सार्जंट मेजर म्हणतात त्यांना, फोटो झकास, बाकी काही दिसलं नाही, दिसणार कसं, समोर ब्रेडचा लगदा. त्या पोराला दोष नाही, गिऱ्हाइकाला फोटोच हवा असतो. पण ब्रेड हे माशांचं खाणं नव्हे, आणि एकाच जातीचे दांडगे मासे तिथे ठाण मांडून बसतात.

दुसऱ्या वर्षी डिसेंबरात गेले, सकाळी लवकर, वारा सुटायच्या आधी. त्याला आधीच सांगितलं, भाऊ, ब्रेड नको, पैसे तेवढेच देते, फक्त मला एका जागी तरंगू दे आणि ओढू नकोस. मास्कमध्ये थुंकून बोट फिरवून विसळला (घाण वाटतं, पण वाफ धरत नाही). पहिली पाच मिनिटं काहीच नाही. हिरवट पाणी, खडक, सरगॅसम नावाच्या शेवाळाचे झुपके इकडून तिकडे हलतायत. मग डोळे बसतात. खडक म्हणून जो बघत होते तो गोल प्रवाळ निघाला, त्याला मेंदूसारख्या घड्या. काळे काटेवाले सी अर्चिन कपारीत. एक पोपटमासा चोचीने खडक खरवडत होता आणि ते खर्र-खर्र पाण्यात ऐकू येत होतं, तो खडक खातो, शेवाळ पचवतो आणि मागून वाळू सोडतो.

आणि मग सरगॅसमच्या एका झुपक्याशेजारचा झुपका माझ्याकडे बघायला लागला. खरंच सांगते. बुबुळ डब्ल्यूच्या आकाराचं. मी हलले नाही, तोही हलला नाही, बाजूने झालरीसारखा पंख लहरत होता, तेवढाच. अंगावर काटे उभे करून शेवाळासारखा झाला होता, मग एकदम सपाट झाला, पांढरा, मग अंगावरून पट्टे सरकत गेले, गाडी बोगद्यातून जाताना आत उजेड-अंधार होतो तसे, आणि शेपटीकडून मागे मागे जात दिसेनासा. इतकी वर्षं जे मी पाटीवर घासत होते ते त्याच्या पाठीत होतं. तीन हृदयं, निळसर रक्त, आणि शास्त्रज्ञ म्हणतात बहुधा त्याला रंगच दिसत नाहीत, तरी हे करतो. त्या संध्याकाळी घरगुती खानावळीत नेमकं माकुलाचं सुकं होतं. खाल्लं. खोटं कशाला बोलू.

प्रश्न आलाय की घरी काय आणलेलं चालतं. रिकामा शंख उचलण्याआधी पालथा करून अर्धा मिनिट तळहातावर ठेवा, आत साधूखेकडा असू शकतो, त्याचं ते घर आहे. शंकूच्या आकाराचा नक्षीदार शंख जिवंत असेल तर हात लावू नका, कोन शेल, त्याचा बाण विषारी असतो. प्रवाळ, अगदी तुटका तुकडासुद्धा, आणायचा नाही, प्रवाळ आणि समुद्रकाकड्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत. देवमाशाची उलटी सापडली तर कोटी मिळतात असं व्हॉट्सॲपवर येतं, ती विकणं आपल्याकडे गुन्हा आहे, त्यामुळे ते स्वप्न सोडा.

कासवांचं कुणीतरी विचारलं. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना घेऊन ऑलिव्ह रिडलीची घरटी राखायला सुरुवात केली, ते तुम्हाला माहीत असेलच. मला त्याहून आवडलेली गोष्ट वेगळी आहे. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर एका मादीच्या वल्ह्याला धातूचा टॅग लावला होता, आणि २०२५ च्या जानेवारीत ती मादी गुहागरला अंडी घालताना सापडली. तोपर्यंत पूर्वेची कासवं वेगळी, पश्चिमेची वेगळी असाच समज होता. रात्री किनाऱ्यावर फिरणाऱ्या माणसाने वाकून एक छोटा टॅग वाचला म्हणून हे कळलं.

पुढच्या पौर्णिमेला आपण जुहूला जातोय, ओहोटी संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमाराला, म्हणजे साडेचारला हजर. जुने बूट घाला, सँडल नको, खडकाला चिकटलेल्या बार्नॅकलच्या धारदार कवचांनी पाय कापतात. टोपी, पाणी, आणि गोणी आणायची तर आणा, पण कॉलर दिसली तर मला विचारा.

आणि ते समुद्रफेन कुठल्या रांगेत अडकलंय? पुढे द्या हो, माझ्याकडे एवढं मोठं एकच आहे.