नेम लागला की फोटो

नमस्कार श्रोतेहो.

आज एका खोलीबद्दल बोलणार आहे. खोली ॲमस्टरडॅममधली, फोम नावाच्या फोटोग्राफीच्या संग्रहालयातली, आणि साल २०११. एरिक केसल्स या डच कलावंताने ती फोटोंनी भरून टाकली. भिंतीवर टांगून नाही, जमिनीवर ओतून. फ्लिकर ही वेबसाइट तुमच्यापैकी पुष्कळांनी वापरली असेल. त्या साइटवर चोवीस तासांत जगभरातून जेवढे फोटो आले, तेवढे केसल्स यांनी उतरवून घेतले आणि त्यांतले लाखो फोटो कागदावर छापले. खळ्यात धान्याची रास पडावी तशा फोटोंच्या राशी भिंतीला टेकून वर चढल्या होत्या. लोक त्यातून वाट काढत हिंडत होते. कुणाचं बाळ, कुणाचं जेवणाचं ताट, कुणाची समुद्रावरची सुट्टी, सगळं पायाशी.

एका दिवसाचे फोटो. एका साइटवरचे फोटो. आणि तेही २०११ चे, घराघरातल्या प्रत्येकाच्या हातात कॅमेऱ्याचा फोन येण्याआधीचे.

केसल्स यांना म्हणायचं होतं की आपण दुसऱ्यांच्या अनुभवांत बुडून चाललो आहोत, आणि ते बुडणं डोळ्यांना दिसायला हवं. मला मात्र त्या राशीत दुसरंच काही दिसतं. त्यातला प्रत्येक फोटो कुणाचा तरी होता, पण हा कुणाचा, हे सांगणारं तिथे कुणी नव्हतं. सांगणारं कुणी नव्हतं, एवढं लक्षात ठेवा. कारण आता मी तुम्हाला याच केसल्स यांच्या संग्रहातली एक गोष्ट सांगणार आहे, आणि ती सांगायला मिळावी म्हणूनच खरं तर हा विषय घेतला.

या माणसाला जुन्या बाजारातून अनोळखी घरांचे फोटो जमवण्याचा नाद आहे. अशा फोटोंची ते पुस्तकंही काढतात. त्यांतलं एक पुस्तक एका बाईचं आहे. ती हॉलंडमधल्या टिलबर्ग गावची. टिलबर्गची जत्रा मोठी. आपल्याकडे जत्रेत बंदुकीने फुगे फोडायचा स्टॉल असतो ना, तसा तिथेही नेमबाजीचा स्टॉल. पण त्याला एक कळ जोडलेली. नेम बरोबर लागला की कॅमेरा उघडायचा आणि बंदूक रोखून उभ्या असलेल्या माणसाचा फोटो निघायचा. तोच फोटो बक्षीस. नेम चुकला तर फोटो नाही.

१९३६ साली ही मुलगी सोळा वर्षांची होती. तिने बंदूक उचलली, नेम धरला, लागला. पहिला फोटो मिळाला. पुढच्या वर्षी जत्रेला पुन्हा गेली. पुन्हा नेम, पुन्हा फोटो. आणि मग जवळजवळ दर वर्षी. फोटोत चौकट तीच, उभं राहणं तेच: बंदुकीचा दस्ता खांद्याला, गाल दस्त्याला टेकलेला, नळी थेट आपल्याकडे. बदलतं ते बाकी सगळं. कपडे बदलतात, केसांची ठेवण बदलते, शेजारी उभी माणसं बदलतात. काळ्यापांढऱ्या फोटोंत रंग येतो. मुलीची बाई होते, बाईची आजी होते. पुस्तक निघालं २००८ साली. तेव्हा ती अठ्ठ्याऐंशी वर्षांची होती आणि अजून जत्रेला जात होती, अजून नेम धरत होती.

आता यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी जागा सांगतो. फोटो क्रमाने पाहत गेलो की मध्येच काही वर्षं रिकामी लागतात. १९३९ ते १९४५, एकही फोटो नाही. दुसरं महायुद्ध. मे १९४० मध्ये जर्मन फौजा हॉलंडमध्ये शिरल्या आणि पाच वर्षं राहिल्या. त्या वर्षांबद्दल तिचे फोटोच बोलतात. आधीची पोरसवदा मुलगी आणि नंतरची बाई, यांच्या मधे काय काय होऊन गेलं असेल, हे न निघालेले फोटो सांगतात.

वर्षाला एखादा फोटो, एवढ्यावर अख्खं आयुष्य उभं राहिलं. तिकडे त्या खोलीत लाखो फोटो होते आणि एकही आयुष्य दिसत नव्हतं.

आपल्याकडेही अशा रिकाम्या जागा आहेत. पुण्यात नदीकाठच्या पेठांतल्या जुन्या घरी जुने फोटो मागा. “पानशेतात गेले,” असं उत्तर आजही ऐकू येतं. १२ जुलै १९६१, पानशेत धरण फुटून पुण्यात पूर आला तो दिवस. पण ते सांगणारी आजी असते, म्हणून ती रिकामी जागासुद्धा घराण्याची आठवण होते. फोन बिघडून फोटो जातात तेव्हा काय गेलं हेसुद्धा आपल्याला आठवत नाही, कारण ते परत पाहिलेलेच नसतात.

लग्नांबद्दलही बोलतो, राहवत नाही. मंगलाष्टकं चालू असताना फोटोवाला अंतरपाटाच्या आड घुसतो, मागच्या वडीलधाऱ्यांना अक्षता टाकायच्या की त्याची पाठ बघायची कळत नाही. मला हे अजिबात पटत नाही. एवढं करून हजारो फोटो येतात पेनड्राइव्हवर, आणि तो पेनड्राइव्ह कपाटात जातो. पूर्वी छत्तीसचा रोल असायचा. त्यातले काही हललेले, काही धूसर. उरलेले काळ्या कागदाच्या आल्बममध्ये कोपरे लावून बसवायचे. कुठला ठेवायचा यावर घरात वाद व्हायचा, आणि त्या वादात मावशी कोण, मामेसासरे कोण, हे पोरांना आपोआप कळायचं.

तर दोन कामं. निवडणं आणि सांगणं. पुन्हा म्हणतो, निवडणं आणि सांगणं. फोनमधले या वर्षाचे थोडेच फोटो निवडा आणि छापून घ्या. मागे नाव, गाव, साल लिहा. मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, कडेला लिहा. बॉलपेन दाबून लिहिलं की पुढच्या बाजूला चेहऱ्यावर वळ उमटतो. आणि घरात जुना आल्बम असेल, तर सर्वांत वयस्कर माणसाच्या मांडीवर तो द्या, शेजारी फोन ठेवून आवाज रेकॉर्ड करा, आणि बोटाने एकेक चेहरा दाखवत विचारा: हे कोण? उत्तर ऐकताना घाई करू नका. आजीला नाव पटकन आठवलं नाही तर पुढचं पान उलटा, आणि थोड्या वेळाने तोच फोटो पुन्हा दाखवा.

नमस्कार.