कपाट, फळा, पंगत

(पडद्यावर: ग्रंथालय, पुस्तकांची ट्रॉली)

सकाळचे सात वाजलेत. पुण्यातल्या एका महाविद्यालयाचं हे ग्रंथालय वाचकांसाठी अजून उघडायचंय. काल परत आलेली पुस्तकं त्याआधी जागेवर लागायला हवीत.

पुस्तकाच्या पाठीवरचा हा आकडा बघा. ८९१.४६, म्हणजे मराठी साहित्य. पुढे १ आला की कविता, ३ आला की कथा-कादंबरी. आकडा वाचताना चूक झाली तर पुस्तक ग्रंथालयात असूनही हरवल्यात जमा. हा मुलगा टीवाय बीएस्सीला आहे, विषय रसायनशास्त्र. पण मराठीचं कपाट त्याच्याइतकं इथे फार थोड्यांना पाठ असेल. काम संपलं की हजेरीपत्रकावर वेळ लिहायची, सही करायची. अशा तासांवर मानधन मिळतं. या योजनेचं नाव 'कमवा व शिका'.

(पडद्यावर: जुनी कृष्णधवल छायाचित्रं)

योजनेला नाव आहे कर्मवीर भाऊराव पाटलांचं. ४ ऑक्टोबर १९१९, दसऱ्याचा दिवस. कराडजवळच्या काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू झालं. सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली राहायची, एका पंगतीला जेवायची. स्वयंपाक मुलांचा, पाणी भरणं मुलांचं, शेतीतली मेहनतही मुलांचीच. धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी आले आणि वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. पुढे १९४७ मध्ये साताऱ्यातच छत्रपती शिवाजी कॉलेज उभं राहिलं. खिशात फी नसली तरी अंगमेहनतीवर पदवी घेता येते, हे तिथे पहिल्या दिवसापासून गृहीत होतं. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे वाक्य रयतच्या शाळांमधून आजही वाचायला मिळतं.

आज पुणे विद्यापीठाच्या महाविद्यालयांत ही योजना विद्यार्थी विकास मंडळामार्फत चालते. बाग, कार्यालय, प्रयोगशाळा, ग्रंथालय, जिथे हात लागतील तिथे काम. आमच्या मते तिची खरी किंमत मानधनात नाही. काम महाविद्यालयाच्या आवारातच असतं आणि तासिकेची घंटा झाली की सोडता येतं. बाहेरचा कुठला मालक असं सोडेल?

कारण बाहेरची कामंही आहेतच.

(पडद्यावर: शिकवणीची खोली, फळा)

अकरा ते अडीच प्रॅक्टिकल. संध्याकाळी हा फळा. आठवी-नववीची मुलं, बीजगणित. खडू त्याच्या हातात असला तरी बाकावरच्या पिशवीतून डोकावतंय ते त्याचं स्वतःचं जर्नल. त्यावर सरांची सही अजून व्हायची आहे.

(पडद्यावर: मंगल कार्यालय, पंगत)

आणि लग्नसराईत हे. पांढरा शर्ट, काळी पँट, हातात भाताचं पातेलं. वाढप्याचं काम सोपं वाटतं, पण नजर पानांवर ठेवावी लागते. कुणाच्या पानावरचं वरण संपलं, कुणी हात आडवा धरला, कुठल्या आजींना मीठ हवंय. पंगत उठली की पुढची बसेपर्यंत टेबलं पुसायची. घरी पोचायला बारा वाजून जातात.

मेख अशी, की तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात आणि पहिल्या सत्राची परीक्षाही त्याच सुमाराला येते. दुसरं सत्र संपतं ते एप्रिल-मेच्या ऐन धामधुमीत. सगळ्यात जास्त पैसे मिळायचे दिवस आणि सगळ्यात जास्त अभ्यासाचे दिवस, पंचांग आणि परीक्षा विभाग यांनी जणू ठरवून एकत्र आणलेत! त्यात हजेरी पंचाहत्तर टक्के भरायला हवी. मागच्या सत्रात एका विषयात एटीकेटी लागली, तो पेपर आता पुन्हा द्यायचाय.

ग्रंथालयाचे तास वाढवून मिळाले तर कॅटरिंग सोडीन, असं तो म्हणतो. पण तासांना मर्यादा आहे, जागाही मोजक्या.

'कमवा व शिका'साठी अर्ज वर्षाच्या सुरुवातीलाच घेतले जातात. चौकशी महाविद्यालयातल्या विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांकडे करायची. सूचना फलकावर लागते, पण प्रवेशाच्या गर्दीत ती वाचायची राहून जाते. म्हणून विचारायला स्वतःच जा, आणि जून-जुलैतच जा.