पाऊस असावा

बाहेर फळ्यावर विषय ठळक अक्षरांत लिहिलाय, ‘फ्रेंच क्रियापदाचा सबजाँक्तिफ पासे’, आणि तरीही एवढी मंडळी आलीत, म्हणजे बाहेर पाऊस असावा. (हशा) हसा, पण हा ‘असावा’ जपून ठेवा. आजचं सगळं भाषण त्याच्यावरच आहे. सबजाँक्तिफ म्हणजे आपल्या ‘असावा’, ‘यावा’सारखं क्रियापदाचं रूप, आणि पासे म्हणजे त्याचा भूतकाळ.

तुमच्यातल्या निम्म्यांनी शाळेत फ्रेंच घेतलं ते मार्कांसाठी. मीही त्यातलाच. पण आम्हाला जे सर होते ते जुन्या वळणाचे. त्यांनी आमच्याकडून सबजाँक्तिफचा जो भूतकाळ घोकून घेतला तो आजचा ‘पासे’ नव्हे, त्याचा पणजोबा, ‘एँपार्फे’. पार्ले म्हणजे बोलणे. त्याची रूपं ऐका: पार्लास, पार्लास, पार्ला, पार्लासिओं, पार्लासिए, पार्लास. विलेपार्ल्याचं कुणी असेल तर त्यांना हा काळ घरचाच वाटेल. (हशा)

ही पुंजी घेऊन मी फ्रान्समधल्या लिओंला पोचलो. घरमालकीण साठीच्या पुढची, प्रेमळ बाई. सकाळी सहाची गाडी होती, म्हणून आदल्या रात्री तिला सांगायला गेलो की मादाम, मला पाचला उठवलंत तर बरं होईल. साधं सांगायचं ना? पण समोर मादाम, मी परका; म्हटलं शुद्ध बोलावं. जिन्यात उभा राहून वाक्य जुळवलं आणि म्हणालो, माझी अशी इच्छा होती की आपण मला ‘रेव्हेयासिए’. बाई बघतच राहिल्या. मग आतल्या खोलीकडे वळून नवऱ्याला हाक मारली. तो गळ्यात जेवणाचा रुमाल तसाच लटकवून बाहेर आला. ‘परत म्हण,’ बाई म्हणाल्या. मी परत म्हटलं. त्या गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या! तुमच्या दारात एखादा परदेशी पोरगा येऊन ‘आपण मजला जागृत करावेंत’ म्हणाला, अनुस्वारासकट, तर काय होईल, तसं झालं. सकाळी पाचला दारावर टकटक झाली आणि बाहेरून दोघं एका सुरात ओरडले, ‘रेव्हेयासिए!’

पुढे कळलं की 1901 साली फ्रान्सचे शिक्षणमंत्री जॉर्ज लेग यांनी एक फर्मान काढून परीक्षेत सवलत दिली होती: ‘तो यायला हवा’ अशा वाक्यात हा एँपार्फे न वापरता साधा वर्तमान सबजाँक्तिफ लिहिला तरी चूक धरू नये. 1901! ही बातमी आमच्या सरांपर्यंत पोचली नसावी. (हशा) आणि लोकांनी हा काळ टाकला यात नवल नाही. ‘मला जमावं’ याचं एँपार्फेतलं रूप ‘प्यूस’, आणि फ्रेंचमध्ये पिसवेलाही ‘प्यूस’च म्हणतात. भर सभेत कोण म्हणेल?

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे मूळ विषय आता पळत पळत.

सबजाँक्तिफ पासे टिकला, कारण त्यात नवं काही शिकावं लागत नाही. सहायक क्रियापद, ‘आव्वार’ म्हणजे जवळ असणे किंवा ‘एत्र’ म्हणजे असणे, वर्तमान सबजाँक्तिफमध्ये ठेवा, पुढे धातुसाधित, म्हणजे आपल्या ‘गेला’, ‘लिहिली’सारखं रूप लावा, झालं. क झे पार्ले, क त्यू ए पार्ले, किल ए पार्ले. इथलं पार्ले म्हणजे ‘बोललेला’, उच्चार मात्र ‘बोलणे’वाल्या पार्लेचाच. मी, तू, तो, ते या चौघांचं स्पेलिंग चार प्रकारचं, कानाला मात्र एकच ‘ए’. जाणे-येणे, जन्मणे-मरणे अशा मोजक्या क्रियापदांना एत्र लागतं: केल स्वा पार्ती. आता याचं मराठी करा. पार्ती म्हणजे ‘गेली’, स्वा म्हणजे ‘असावी’. गेली असावी! तीच रचना, तेच लिंगवचन. तो गेला असावा, ते गेले असावेत. फ्रेंचमध्ये पार्ती हे स्त्रीलिंग फक्त कागदावर दिसतं, आपल्याकडे ऐकूही येतं.

अजून गंमत. ‘तिने चिठ्ठी लिहिली असावी’ यात क्रियापद तिच्याकडे बघत नाही, चिठ्ठीकडे बघतं. आव्वारचंही तसंच, फक्त कर्म आधी यायला हवं. चिठ्ठी नंतर आली तर ‘एक्री’, आधी आली तर ‘एक्रीत’. आपण आधी-नंतर बघत नाही. याचं कारण दोन्हीकडे मूळचं विशेषणासारखं धातुसाधित आहे: तिकडे लॅटिनमधलं ‘माझ्यापाशी चिठ्ठी लिहिलेली आहे’, इकडे संस्कृतातलं ‘मया लिखितम्’.

मग फरक कुठे? आपला ‘असावा’ एकटा उभा राहतो आणि अंदाज सांगतो. त्यांचा बहुतेक वेळा ‘क’च्या, म्हणजे आपल्या ‘की’च्या मागे येतो, आणि तो नेहमी अंदाजच असतो असं नाही. ‘तो आला याचा मला आनंद आहे’ यात तो आलाय, समोर खुर्चीवर बसलाय, तरी फ्रेंच माणूस ‘किल स्वा व्हन्यू’च म्हणणार. म्हणून ‘सबजाँक्तिफ म्हणजे शंका’ हे गाईडमधलं वाक्य आजच खोडा. बातमी द्यायची नसते, त्या गोष्टीबद्दल आपल्याला काय वाटतं ते सांगायचं असतं, तिथे तो येतो.

पुढच्या रांगेतल्या ताई मघापासून हात वर करून आहेत. हो, ‘एस्पेरे’, आशा करणे. बरोबर पकडलंत, माझ्या नियमाने त्याला सबजाँक्तिफ लागायला हवा, आणि साध्या होकारार्थी वाक्यात तो लागत नाही. त्याचं माझ्याकडे उत्तर आहे, पण हे गृहस्थ माइक न्यायला आलेत.