तीनच्या खेळाला काय बिघडतं

(दृश्य : मे महिन्यातली दुपार. टॉकीजबाहेरचा तापलेला रस्ता, तिकीट खिडकीजवळच्या पट्टीभर सावलीत दाटीनं उभी माणसं.)

जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार. मे महिन्यात इथे पारा 45 अंशांच्या आसपास फिरतो, आणि तीनच्या खेळाला माणूस पिक्चरइतकाच गारव्यासाठीही येतो. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला माहेरी आलेल्या लेकी, त्यांची पोरं, सोबत आजी नाहीतर मावशी. सहा जणांचं घर आत गेलं की तिकिटं, रिक्षा, समोसे, पाणी मिळून चांगलाच खर्च होतो. मग पडद्यावर अंधारून आल्यासारखं दिसतं, बोललेलं कळत नाही, मध्यंतरापर्यंत पाठ रेक्झिनला चिकटते. बाहेर पडताना एकच वाक्य कानावर येतं, "पिक्चरमध्ये काही दम नव्हता भो."

दम बऱ्याचदा असतो. तो प्रोजेक्टरच्या केबिनपासून खुर्चीपर्यंत येताना वाटेत सांडतो. आणि ज्याला तो बिघाड काढता येतो तो माणूस बहुतेक वेळा त्याच इमारतीत, एक जिना चढून वर बसलेला असतो.

(दृश्य : काळोखातून जाणारा प्रोजेक्टरचा झोत. झोतात तरंगणारी धूळ.)

आधी उजेड. डिजिटल सिनेमाचं जगभरचं प्रमाण असं आहे की पूर्ण पांढरी चौकट लावली तर पडद्याच्या मध्यावर 48 निट उजेड मिळायला हवा. निट हे चकाकीचं माप. आपला मोबाईल मधल्या ब्राइटनेसवरही याच्या चार-पाच पट चकाकतो. म्हणजे सिनेमाचा पडदा मुळातच मवाळ उजेडाचा असतो, आणि त्यातला अर्धा गेला तर रात्रीचे प्रसंग काळ्या पाटीसारखे दिसतात.

अर्धा जातो कसा? पुष्कळ टॉकीजमध्ये प्रोजेक्टरला झेनॉन बल्ब असतो. काचेच्या जाड फुग्यात दाबानं भरलेला वायू, दोन टोकांना दोन इलेक्ट्रोड, मधल्या काही मिलिमीटरच्या फटीत पेटणारी ठिणगी. वापरानं इलेक्ट्रोड झिजतात आणि काच आतून काळी पडते. रोज चार खेळ, प्रत्येकी तीन तास, म्हणजे दिवसाला 12 तास. शंभर दिवसांत 1200 तास झाले. मोठ्या वॅटचे बल्ब त्याच्याही आधी दमतात. बल्ब महाग असतो, म्हणून मालक मुदत उलटल्यावरही तोच चालवतो. काही ठिकाणी तर नवा बल्बही मुद्दाम कमी करंटवर ठेवतात. यात वीज थोडी वाचते, पण प्रेक्षकानं पैसे पूर्ण दिलेले असतात. ही काटकसर आम्हाला अजिबात पटत नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. भर उन्हातला प्रसंग आणि पांढरा सदरा घातलेला माणूस पडद्यावर येऊ द्या. सदरा मळकट पिवळा दिसला तर बल्ब म्हातारा झाला असण्याची शक्यता मोठी. उजेड थरथरत असेल तर ठिणगी झिजलेल्या टोकावर जागा बदलत असते. मधोमध लख्ख आणि दोन्ही कडांना काळोखी असेल तर बल्ब आरशाच्या मध्यावर बसलेला नाही, किंवा पडदा थ्रीडीसाठीचा चंदेरी आहे. चंदेरी पडद्यासमोर बाजूच्या खुर्च्या घेऊ नयेत.

थ्रीडीचं आणखी एक दुखणं आहे. ध्रुवण करणारी, म्हणजे दोन डोळ्यांची चित्रं वेगळी करणारी काच आणि वरून चष्मा, यांत निम्म्याहून जास्त उजेड गिळला जातो. सकाळच्या थ्रीडी खेळानंतर ती काच लेन्सपुढून काढायची राहिली, तर दुपारचा साधा पिक्चरही चष्म्याशिवाय काळपट दिसतो. काच बाजूला करायला एक मिनिट लागतं. पण वर जाऊन कुणी सांगितलं, तर.

खानदेशात यात धुळीची भर पडते. उन्हाळ्यातली वावटळ, काळ्या मातीची बारीक धूळ, ही सगळी प्रोजेक्टरच्या हवेच्या जाळीवर बसते. जाळी कोंदली की आत गार हवा जात नाही, तापमान चढतं आणि यंत्र स्वतःला वाचवायला बल्ब विझवतं. पडदा काळा, आवाज मात्र चालू, असं झालं तर बहुतेक वेळा हेच कारण. आठवड्याला एकदा जाळी काढून साफ करायची, हा त्यावरचा उपाय. आंधी येऊन गेली तर दुसऱ्याच दिवशी.

(दृश्य : पडद्याच्या कडेचं काळं कापड, त्यावर सांडलेलं चित्र.)

चित्राचा आकारही बिघडतो. पिक्चर मुख्यतः दोन मापांत येतात. फ्लॅट म्हणजे 1.85 ला 1 आणि स्कोप म्हणजे 2.39 ला 1. टू-के, म्हणजे आडवे सुमारे दोन हजार ठिपके दाखवणाऱ्या प्रोजेक्टरवर फ्लॅटची चौकट 1998 गुणिले 1080 ठिपक्यांची, स्कोपची 2048 गुणिले 858. प्रत्येकाची मांडणी यंत्रात साठवलेली असते आणि एका बटणानं बदलते. चुकीचं बटण दाबलं गेलं तर डोकी कापली जातात, नाहीतर चित्र चारही बाजूंनी काळी चौकट ठेवून मधे छोटं होऊन बसतं. अशा वेळी दारावरच्या माणसाला "पिक्चर खराब दिसतंय" म्हणून उपयोग नाही. "स्कोपचा पिक्चर फ्लॅटवर लागलाय, ऑपरेटरला सांगा" एवढं म्हटलं की काम होतं. फोकस तपासायचा तो सुरुवातीच्या सेन्सॉर प्रमाणपत्रावर. त्यावरची बारीक अक्षरं फुटलेली दिसली तर तेव्हाच उठावं. त्याच प्रमाणपत्रावर पिक्चरची लांबी मिनिटांत दिलेली असते. एखादं गाणं गाळलं गेल्याची शंका आली तर घड्याळ लावता येतं.

रिळांच्या काळात ही शंका नेहमीची होती. 35 मिलिमीटरची फिल्म मिनिटाला 90 फूट पळायची. अडीच तासांचा पिक्चर म्हणजे साडेतेरा हजार फूट, हजार फुटांची चौदा रिळं. दोन टॉकीजमध्ये एकच प्रिंट असली की डबे सायकलवरून नाहीतर मोटारसायकलवरून पळवायचे. डबा आला नाही की पब्लिक शिट्ट्या मारायचं.

आता डबा नाही, पण किल्ली आहे. पिक्चर कुलूपबंद फाइल होऊन येतो, शंभर-दोनशे जीबीची. ती उघडायची डिजिटल किल्ली एका ठरावीक सर्व्हरसाठी, म्हणजे पिक्चर चालवणाऱ्या संगणकासाठी, आणि ठरावीक तारीख-वेळेसाठीच चालते. शुक्रवारचा पहिला खेळ अडतो तो इथे. किल्ली उशिरा आली, जुन्या सर्व्हरच्या नावानं आली, किंवा फाइल सर्व्हरवर उतरवायला घेतली तीच उशिरा. उतरवायला तासाच्या वर जाऊ शकतो. म्हणून गुरुवारी रात्रीच फाइल उतरवून, किल्ली लावून, पहिली दोन मिनिटं चालवून पाहायची असतात. बाहेर कळतं ते फक्त "सर्व्हर प्रॉब्लेम".

लाइट गेली तर? जनरेटर काही सेकंदांत उचलतो, तरी पिक्चर लागायला पाच-दहा मिनिटं जातात. सर्व्हर आणि प्रोजेक्टर पुन्हा सुरू व्हायला वेळ घेतात. त्यांना यूपीएस लावलेला असेल तर खोळंबा पुष्कळ कमी होतो, फक्त बल्ब पेटवायचा उरतो. सुरू करताना ऑपरेटरनं दोनेक मिनिटं मागून चालवायला हवं. तसं झालं नाही तर लगेच म्हणावं, "भाऊ, थोडं मागून लावा." तो हक्काचा भाग आहे.

(दृश्य : पडद्यामागची जागा. पडद्याच्या पाठीला टेकून उभे उंच स्पीकर. पडद्यावर सुईच्या टोकाएवढी भोकं.)

आता आवाज. तक्रारी इथेच सगळ्यांत जास्त, आणि इथेच सगळ्यांत कमी समजून घेतलं जातं.

पडदा सलग नसतो. त्याला जवळून पाहिलं तर हजारो बारीक भोकं दिसतात. त्या भोकांतून मागच्या स्पीकरचा आवाज आपल्याकडे येतो. मागे तीन मोठे स्पीकर असतात, डावा, मधला, उजवा. संवाद जवळजवळ पूर्णपणे मधल्यातून. संगीत, पाऊस, गाड्या बाकीच्यांतून आणि भिंतींवरच्या स्पीकरमधून. म्हणून मारामारी दणदणीत ऐकू येते आणि बोलणं तोंडात रुमाल धरल्यासारखं येतं, तेव्हा बहुधा मधल्या स्पीकरचा वरच्या पट्टीचा भोंगा गेलेला असतो. 'स', 'श', 'च', 'त' ही अक्षरं त्या भोंग्यातूनच स्पष्ट होतात. भोंगा गेला की "सात" आणि "हात" सारखेच ऐकू येतात. ऑपरेटर मग एकूण आवाज वाढवतो. त्यानं मारामारी आणखी दणाणते, आजी कानावर हात ठेवतात आणि संवाद होता तिथेच राहतो. खरी दुरुस्ती भोंग्याचा डायफ्रॅम, म्हणजे आतली थरथरणारी पातळ चकती बदलण्याची. भोकांत धूळ बसली असेल तरी हीच अक्षरं आधी जातात. तिथे पडदा मऊ ब्रशनं, हलक्या हातानं साफ करावा लागतो.

ध्वनी-यंत्रावर आवाजाचा आकडा असतो, त्याला फेडर म्हणतात. 7 हा प्रमाण आकडा, पिक्चरचा आवाज ज्या पातळीवर जुळवला जातो ती पातळी. कुणीतरी जाहिराती मोठ्या लागल्याची तक्रार करतो, आकडा साडेचारावर येतो आणि पिक्चर सुरू झाल्यावर वर न्यायचा राहून जातो. "आवाज!" अशी आरोळी ठोकण्यापेक्षा "फेडर कितीवर आहे?" असं मॅनेजरला विचारलं तर उत्तर टाळता येत नाही.

अखंड "घूंऽऽ" असा घोगरा आवाज येत असेल तर तो 50 हर्ट्झचा, म्हणजे विजेचाच सूर. त्याचं एक कारण अर्थिंग. इथे आपली माती आड येते. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते आणि जमिनीशी जोड कमजोर होते. खड्ड्यात मीठ-कोळसा आहे का पाहून एप्रिल-मेमध्ये नियमित पाणी घालावं लागतं. सुरक्षेसाठीही ते लागतंच.

ओठ आणि आवाज जुळत नसतील तर आधी आपली जागा बघा. आवाज सेकंदाला साधारण 345 मीटर जातो. पडद्यापासून 25 मीटरवर तो सुमारे 70 मिलिसेकंद उशिरा पोचतो, म्हणजे सेकंदाला 24 चौकटींच्या हिशेबात दोन चौकटींपेक्षा थोडं कमी. एवढं सहसा जाणवत नाही. जाणवत असेल तर यंत्रातला विलंब चुकीचा लागलाय, आणि तो मिलिसेकंदांच्या हिशेबात कमी-जास्त करता येतो. बसायला उत्तम जागा म्हणजे पडद्यापासून दोन-तृतीयांश अंतरावर, मधोमध. आवाजाची जुळणी करणारा तंत्रज्ञ त्याच पट्ट्यात मायक्रोफोन ठेवतो.

(दृश्य : छताखालचे डक्ट. पदरानं, तिकिटानं वारा घेणारी माणसं.)

गारव्याचा हिशेब सरळ आहे. बसलेला माणूस साधारण 100 वॅट उष्णता सोडतो. 500 प्रेक्षक म्हणजे 50 किलोवॅट, आणि एवढी उष्णता काढायलाच 14 टन एसी लागतो. तापलेलं छत, भिंती आणि बाहेरची हवा यांचा भार वेगळा. म्हणून एसी जाहिराती लागल्यावर सुरू करून भागत नाही. खेळाच्या तासभर आधी हॉल गार करायला हवा. डक्टचा कूलर मे महिन्याच्या कोरड्या हवेत उत्तम चालतो, पण आत येणारी हवा बाहेर काढणारे पंखे चालू असतील तरच. श्रावणात तोच कूलर हॉल दमट करतो, तेव्हा पाणी बंद ठेवून नुसता वारा घ्यावा.

काही त्रास आपणच एकमेकांना देतो. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला 20 ते 30 मिनिटं लागतात, आणि पुढच्या रांगेतला एक उघडलेला मोबाईल ती मोडतो. आणि फटाके. नोव्हेंबर 2023 मध्ये मालेगावात हिरोच्या एंट्रीला चालू खेळात हॉलमध्ये फटाके फुटले, माणसं खुर्च्यांतून वाट काढत पळाली. बंद हॉल, फोमच्या सीटा, कापडी पडदे. 13 जून 1997 ला दिल्लीच्या उपहार सिनेमात आग खाली ट्रान्सफॉर्मरजवळ लागली होती. वर बाल्कनीत धूर भरला, बाहेर पडायच्या वाटा अडलेल्या होत्या आणि 59 माणसं गेली. खुर्चीवर बसण्याआधी संकटकाळी बाहेर पडायचं दार कुठं आहे ते पाहावं. त्याला कुलूप दिसलं तर ते उघडल्याशिवाय खाली बसू नये, आणि यात कुणाचीही भीड धरू नये.

ढेकणांसाठी मोबाईलच्या उजेडात सीटच्या शिवणीत बघा. शाईच्या ठिपक्यांसारखे काळे डाग असतील तर जागा बदला, आणि घरी गेल्यावर कपडे 60 अंशांच्या गरम पाण्यात टाका.

खाण्यापिण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट केलंय. बाहेरचं खाणं आणू न देण्याचा अधिकार टॉकीजला आहे, पण पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट द्यावं लागतं आणि तान्ह्या बाळाचं खाणं अडवता येत नाही. बंद पाकिटावर छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत.

(दृश्य : मॅनेजरच्या टेबलावर उघडलेली वही.)

तक्रार करायची तर बिघाड दिसल्यापासून दहा मिनिटांत. पूर्ण पिक्चर पाहून पैसे परत मागितले की बाजू लंगडी पडते. आधी दारावरचा माणूस, मग मॅनेजर. मल्टिप्लेक्समध्ये केबिनमध्ये बहुधा कुणी नसतं, सगळे पडदे एका संगणकावरून चालतात, त्यामुळे तुम्ही सांगितल्याशिवाय पडदा काळा पडल्याचं कुणाला कळेलच असं नाही. तिकिटाचा फोटो घ्या, कारण थर्मल कागदावरची छपाई पुसट होते. तारीख, खेळाची वेळ, सीट नंबर आणि नेमका बिघाड लिहून द्या, प्रतीवर सही घ्या. पैसे परत किंवा दुसऱ्या खेळाचं तिकीट, दोन्हींपैकी काय हवं ते तिथेच सांगा. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन 1915. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग, दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. कुलूपबंद दार, उघड्या वायरी असला मामला असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज द्या. जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये सिनेमागृहाचा परवाना तिथूनच मिळतो.

(दृश्य : सकाळचे साडेदहा. रिकामा हॉल, केबिनमधला दिवा लागतो.)

चांगल्या टॉकीजमध्ये या वेळी ऑपरेटर जाळी झटकून बसवतो. चाचणीची पांढरी चौकट लावतो आणि चारही कोपरे बघतो. मग डावा, मधला, उजवा, एकेका स्पीकरमधून खरखर सोडून ऐकतो. खाली डोअरकीपर चारही दारांच्या दांड्या ढकलून पाहतो, एसीचा मेन स्विच वर करतो. अकरा वाजता पहिलं तिकीट फाटतं, आणि पहिली पाच मिनिटं मॅनेजर दोन-तृतीयांशावरच्या रांगेत, मधल्या खुर्चीवर बसून पडदा बघतो.