ज्येष्ठात पेरलेला चिबूड

नमस्कार. मला विषय दिलाय 'उतारवयातली आशा'. आशा म्हणजे काय, त्यावर कुणी काय संशोधन केलंय, ते सांगणारच आहे. पण आधी थोडं माटोळीबद्दल बोलू द्या.

देवळाच्या या अग्रशाळेत बसलेल्या गोंयकारांना माटोळी समजावून सांगायला नको; चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गणपतीच्या वर फळं आणि रानातलं सामान टांगून बांधतो ती चौकट. गेल्या चवथीला किती जणांनी स्वतःच्या हाताने बांधली? चारच हात. आणि पूर्वी किती जण बांधायचे? बघा, सगळी सभा हात वर करून बसली! मग मध्ये झालं काय? मुलं म्हणाली, 'बाबा, शिडीवर चढू नका, तुम्ही बसा.' मायेनंच म्हणाली. आपण बसलो ते बसलोच.

या 'बसा'चा मला राग आहे. शाळेतून निवृत्त झाले त्या वर्षी एका कचेरीत अर्ज भरायला गेले होते. 'व्यवसाय' या रकान्यात तिथल्या मुलाने माझ्यादेखत आडवी रेघ मारली. 36 वर्षं मराठी शिकवलं मी. घरी येईपर्यंत ती रेघ डोळ्यांसमोरून हलेना.

पुढे चार वर्षांनी आमचे हे गेले, वैशाखात. माटोळी त्यांचं खातं. चवथ जवळ आली तेव्हा नातू विचारतो, 'आजी, यंदा माटोळी कोण बांधणार?' मी म्हटलं, 'मी.' कसं म्हटलं कोण जाणे! कारण तोवर मी सोप्यावर बसून पाऊस बघण्यापलीकडे काही करत नव्हते. माळ्यावरून चौकट काढली तर मागच्या वर्षीचा सुपारीचा एक वाळका दाणा तिच्यात अडकलेला. त्यांनी बांधलेली गाठ तशीच होती. ती मी सोडवली नाही, आजही आहे.

फोंड्याच्या बाजारात गेले. रानातलं सामान घेऊन बसलेल्या एका म्हातारीने मला कांगणी हे रानफळ ओळखायला शिकवलं. केवणीच्या झुडपाच्या सालीचा दोर आधी भिजवायचा, मग पिळायचा, हेही तिनेच करून दाखवलं. नारळाची पेंड, म्हणजे घड, मध्यभागी धरली नाही तर सगळी माटोळी एका अंगाला कलते, हे मात्र मला दोनदा सगळं उतरवल्यावर कळलं. बोटं सोलवटली. आणि त्या रात्री, चार महिन्यांनंतर, मला गाढ झोप लागली.

पण खरी गोष्ट पुढच्या वर्षीची आहे. माटोळीत टांगायचा चिबूड, ते खरबुजासारखं फळ, बाजारात महाग पडला होता, म्हणून मृग लागल्यावर परसात मीच बिया टोचल्या. मग रोज सकाळी उठायला कारण मिळालं. वेल मांडवावर चढला का? कीड लागली का? ज्येष्ठात बी पेरणारा माणूस भाद्रपद बघायचं ठरवूनच पेरतो हो! तेव्हा मी 65 वर्षांची होते.

संयोजकांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिली आहेत. तर आता कबूल केलेलं पटकन सांगते.

अमेरिकेत कनेटिकटच्या एका वृद्धाश्रमात एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. तो 1976 साली प्रसिद्ध झाला. एका मजल्यावरच्यांना सांगितलं, खोली कशी लावायची ते तुम्ही ठरवा, आणि हे रोप घ्या, याला पाणी तुम्हीच घाला. दुसऱ्या मजल्यावर रोपं दिली, पण पाणी परिचारिका घालणार. तीनच आठवड्यांत पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त हिंडती-फिरती, जास्त आनंदी दिसली. रोप दोन्हीकडे होतं, फरक होता तो ठरवायचं कुणी आणि पाणी घालायचं कुणी, याचा!

दुसरे मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्नायडर. त्यांच्या मते आशेला तीन गोष्टी लागतात: गाठायचं काहीतरी, तिथवर जायच्या वाटा, आणि त्या वाटेने मी चालू शकेन हा भरवसा. नैराश्यावरच्या उपचारातही अशी एक पद्धत आहे, जीत मन उभारी धरेल याची वाट बघत नाहीत. आधी ठरवलेलं छोटं काम करायला लावतात, मन मागून येतं. आपले हात हे आधीपासून जाणतात, म्हणून तर माटोळीची गोष्ट लांबवली.

गुडघे दुखतात त्यांनी शिडी चढू नये, हे मीही म्हणेन. शिडीवर नातवाला चढवा, दोर तुम्ही पिळा. कांगणी कुठली ते त्याला तुम्हीच दाखवा.

दाराशी टेबलावर कागदाच्या पुड्या ठेवल्यात. माझ्या परसातल्या चिबडाच्या बिया आहेत, प्रत्येक पुडीत दहा. मृगाला तीन आठवडे आहेत. जाताना घेऊन जा.