तीस मैलांची कंपनी

आज आपण कल्याणात बसलो आहोत, म्हणून सुरुवात नकाशापासूनच करतो. मुंबईवर कंपासचं टोक ठेवा आणि तीस मैलांचं वर्तुळ काढा. ठाणे, पनवेल आत येतात. कल्याणही येतं, पण काठाजवळ. बदलापूर साधारण रेघेवर, कर्जत बाहेर, आणि पुणं तर पार लांब. 1927 साली इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खासगी रेडिओ कंपनीचं मुंबई केंद्र दिवसा भरवशानं ऐकू येईल असा मुलूख एवढाच होता.

त्या केंद्राचं उद्घाटन 23 जुलै 1927 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झालं. आपण राष्ट्रीय प्रसारण दिन पाळतो तो याच तारखेला. महिन्याभरानं, 26 ऑगस्टला, कलकत्त्याचं केंद्र सुरू झालं. त्याआधी 1923 पासून मुंबईत रेडिओ क्लबची हौशी मंडळी आपल्यापरीनं कार्यक्रम प्रक्षेपित करत होतीच. पण ती हौस होती. रोज ठरल्या वेळी, पगारी माणसांनी, परवानाधारक श्रोत्यांसाठी कार्यक्रम करणं हे या कंपनीपासून सुरू झालं.

दोन्ही ठिकाणी प्रक्षेपक, म्हणजे कार्यक्रम हवेत सोडणारी यंत्रं, फक्त दीड किलोवॅटचे. माझ्या मते कंपनीचं सगळं नशीब या एका आकड्यात आहे. तीन वर्षांच्या आत ती बुडाली. का, असं विचारलं की लोक म्हणतात, त्या काळी आपल्याकडे रेडिओची आवडच नव्हती. मला हे अजिबात पटत नाही. ज्याच्यापर्यंत आवाजच पोचला नाही त्याची आवड-नावड कशी ठरवणार?

हिशेब पाहा. भरणा झालेलं भांडवल सुमारे सहा लाख रुपये. त्यातले साडेचार लाख दोन केंद्रं उभी करण्यातच गेले. उरलं ते दीड लाख. उत्पन्नाचं मुख्य साधन म्हणजे श्रोत्यांचा परवाना. वर्षाला दहा रुपये भरून तो काढायचा आणि त्यातले आठ कंपनीला मिळायचे. सुरुवातीला देशभरात हजारभरसुद्धा परवाने नव्हते. 1929 च्या अखेरीस ते पावणेआठ हजारांच्या आसपास गेले. म्हणजे वर्षाचे बासष्ट हजार रुपये, आणि त्यात दोन शहरांतली केंद्रं चालवायची! परदेशातून येणाऱ्या रेडिओ सामानाच्या किमतीवर दहा टक्के वसुलीचा हक्क कंपनीला दिलेला होता, पण व्यापारी तो चुकवत. परवाना न काढता ऐकणारेही पुष्कळ होते.

श्रोते वाढले तर पैसा येणार, पैसा आला तर मोठा प्रक्षेपक घेता येणार, आणि मोठा प्रक्षेपक असल्याशिवाय श्रोते वाढणार नाहीत. कंपनी या फेऱ्यात अडकली.

आता हे हातात धरलंय ते बघा. मागच्या रांगेतल्यांना दिसत नसेल तर नंतर पुढे या. पुठ्ठ्याच्या नळीवर तांब्याच्या तारेचे वेढे, हा गॅलेनाचा खडा, म्हणजे शिशाचं चकाकतं खनिज, आणि त्यावर टेकलेली केसाएवढी तार. बाकी कानाला लावायचा हेडफोन. याला क्रिस्टल सेट म्हणत. हा मी स्वतः बांधलाय. त्या तारेचं टोक खड्यावर फिरवत बसावं लागतं. एक जागा अशी सापडते की कानात एकदम माणूस बोलायला लागतो, आणि कोणी शेजारून चालत गेलं तरी ती जागा हलते. गच्चीवर लांब तार बांधून, सेटचं दुसरं टोक नळाच्या पाइपाला जोडून मी यावर मुंबईचं केंद्र ऐकलंय. त्या दिवशी मी जेवायला उठलो नव्हतो.

याला वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही. कानापर्यंत येणारी सगळी ताकद प्रक्षेपकानं हवेत सोडलेली असते. म्हणूनच दीड किलोवॅटच्या केंद्रावर असा सेट शहरात आणि आसपासच चालणार. त्यापुढे व्हॉल्व्हचा, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्यांचा, सेट हवा, आणि तो घ्यायचा म्हणजे महागडं यंत्र, बॅटऱ्या, त्यातली एक उचलून चार्जिंगला नेणं हे सगळं आलं. म्हणजे पैसेवाल्याचं वर्तुळ तीस मैलांचं आणि गरिबाचं त्याहून कितीतरी लहान. नकाशावर एकच रेघ दिसते, पण खरी वर्तुळं दोन होती. कल्याणातल्या शाळामास्तरानं तेव्हा काय ऐकलं असेल, हा विचार मला फार अस्वस्थ करतो.

1 मार्च 1930 रोजी कंपनी दिवाळखोरीत निघाली. महिन्याभरात, 1 एप्रिलला, सरकारनं दोन्ही केंद्रं प्रायोगिक म्हणून चालवायला घेतली. नाव झालं इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस. पण जगभरच्या मंदीत सरकारची तिजोरीही आटली, आणि ऑक्टोबर 1931 मध्ये केंद्रं बंद करायचा निर्णय झाला.

इथे मला थोडं थांबायचंय. आवड नव्हती म्हणतात ना? मग या निर्णयावर ओरड कोणी केली? सेट घेऊन बसलेल्या श्रोत्यांनी आणि माल भरून बसलेल्या दुकानदारांनी. सरकारला त्यापुढे झुकावं लागलं. 23 नोव्हेंबरला बंदचा निर्णय मागे घेतला गेला आणि मे 1932 मध्ये प्रसारण कायम चालवायचं ठरलं. रेडिओ सेटवरची जकात दुपटीनं वाढवून, पन्नास टक्के करून, पैसा उभा केला. डिसेंबर 1932 मध्ये बीबीसीची साम्राज्यभरच्या श्रोत्यांसाठीची एम्पायर सर्व्हिस सुरू झाली आणि इथल्या युरोपियनांनी भराभर सेट घेतले. जकातीतही भर पडली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. 1935 मध्ये बीबीसीतून लायोनेल फील्डन इथल्या प्रसारणाचे प्रमुख म्हणून आले आणि 8 जून 1936 रोजी या सरकारी सेवेला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळालं. मुंबईत दहा किलोवॅटचा शॉर्टवेव्ह प्रक्षेपक बसला तो 1938 मध्ये. शॉर्टवेव्ह आकाशातून परतून दूरवर उतरते, त्यामुळे सोलापूर, नागपूरकडेही मुंबईचं बोलणं पोचू लागलं. कंपनी बंद पडून तेव्हा आठ वर्षं झाली होती.