रोबो ऑपरेशन करतो तेव्हा डॉक्टर कुठे असतात?

श्रोतेहो, नमस्कार.

मागे एका काकांच्या प्रोस्टेट कॅन्सरच्या ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या सूनबाईंनी मला दाराशी गाठून हळूच विचारलं, "डॉक्टर, उद्या ऑपरेशन रोबो करणार, मग तुम्ही कुठे असणार?" काका खाटेवरून ऐकत होते. म्हणाले, "अगं, चहा पीत बसणार, दुसरं काय!" आम्ही सगळेच हसलो. पण प्रश्न रास्त होता. आज त्याचंच उत्तर द्यावं म्हणतो.

मी त्याच खोलीत असतो. पेशंटपासून आठ-दहा फुटांवर, कन्सोलपाशी, म्हणजे रोबो चालवायच्या यंत्रापाशी, बसलेला. आणि हो, चपला काढून! पायाखाली पेडल असतात आणि आपण नेमकं कुठलं दाबतोय ते तळव्याला कळावं, म्हणून आमच्यातले बरेच जण नुसत्या मोज्यांवर बसतात. डोकं एका खाचेत टेकवलं की पोटाचा आतला भाग दिसतो, दहापट मोठा, आणि काय जवळ, काय लांब हेही कळेल असा. बोटं कड्यांत अडकवलेली. मी बोट हलवलं की पेशंटच्या पोटातलं अवजार हलतं, मी थांबलो की तेही थांबतं. हाताचा बारीक कंप यंत्र मधल्या मध्ये गाळून टाकतं. स्वतःच्या मनाने मात्र ते एक टाकासुद्धा घालत नाही. पेशंटच्या अंगाशी दुसरा सर्जन हात धुऊन उभा असतो, अवजारं बदलायला, रक्त ओढून घ्यायला. उशाशी भूलतज्ज्ञ. एक गोष्ट आमच्या हातून जाते, ती म्हणजे स्पर्श. बहुतेक यंत्रांत तो बोटांपर्यंत पोचत नाही. दोरा किती ताणला गेलाय, हे डोळ्यांनीच ओळखावं लागतं. ते शिकायला वेळ लागतो.

मग एवढा खटाटोप कशासाठी? तर प्रोस्टेट फार अडचणीच्या जागी आहे म्हणून. प्रोस्टेट म्हणजे अक्रोडाएवढी ग्रंथी. मूत्राशयाच्या खाली, गुदाशयाच्या पुढे, ओटीपोटाच्या अगदी तळाशी. लघवीची नळी तिच्या आरपार जाते. खालच्या टोकाला लघवी रोखून धरणारा स्नायू. दोन्ही अंगांना, ग्रंथीला चिकटून, लिंगाला ताठरता आणणाऱ्या नसांचे जुडगे. कॅन्सरसाठी ही ग्रंथी आख्खी काढायची, वर मूत्राशय आणि खाली नळी पुन्हा एकमेकांना शिवायची, आणि हे करताना शेजाऱ्यांना धक्का लागू द्यायचा नाही! पूर्वी या ऑपरेशनात रक्त फार जायचं आणि ताठरता जवळजवळ गेलीच म्हणून समजायचं. १९८२ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये पॅट्रिक वॉल्श यांनी त्या नसा नेमक्या ओळखून, वाचवून ऑपरेशन केलं. माझ्या मते खरी क्रांती ती होती. रोबो त्यानंतर आला, त्या खोल जागेत नीट पाहता यावं, मनगट वळवता यावं म्हणून. डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयात २००१ च्या सुमारास ही पद्धत मोठ्या प्रमाणावर रुजवणारे डॉक्टर मणी मेनन हे वैद्यकी शिकले आपल्या पुदुच्चेरीत.

इथे एक घोटाळा मिटवतो. "आमच्या मामांचं दुर्बिणीतून झालं, तिसऱ्या दिवशी घरी," असं पुष्कळ जण सांगतात. ते बहुधा वयाने वाढलेल्या प्रोस्टेटचं ऑपरेशन. त्यात आतला वाढीव भाग खरवडून लघवीची वाट मोकळी करतात. तो कॅन्सर नव्हे. रक्तातलं पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमध्ये तयार होणारं प्रथिन, वाढलं म्हणजेही कॅन्सरच असं नाही. एमआरआय आणि सुईने काढलेले तुकडे तपासल्याशिवाय निदान होत नाही.

आता कळीचा प्रश्न. रोबो चांगला की पोट उघडून? ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला ३२६ पुरुषांमध्ये चिठ्ठी टाकावी तशी वाटणी करून हे तपासलं. रोबोमध्ये रक्त सुमारे एक तृतीयांशच गेलं, पेशंट लवकर घरी गेले. पण लघवीवरचा ताबा आणि शरीरसंबंध, ज्यासाठी माणूस रात्र रात्र जागतो, त्यात दोन वर्षांनीही दोन्ही गटांत फरक सापडला नाही. गंमत अशी की उघडं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनच्या हाताखालून पंधराशेच्या वर ऑपरेशनं गेली होती, रोबोवाल्याच्या दोनशेच्या आसपास. यातून कोणी काहीही अर्थ काढो, मी माझ्या पेशंटना सांगतो, यंत्राचं मॉडेल विचारण्याआधी डॉक्टरांना विचारा, "तुम्ही अशी किती केलीत? तुमच्या पेशंटपैकी वर्षाने किती जण लघवीसाठी पॅड न लावता कोरडे असतात?" डॉक्टर चिडले, तर दुसरे शोधा.

आणि त्याच्याही आधीचा प्रश्न: ऑपरेशन हवंच का? ब्रिटनमध्ये सुरुवातीच्या टप्प्यातल्या १६४३ पुरुषांचे तीन गट केले. नियमित देखरेख, ऑपरेशन, किंवा किरणोपचार. पंधरा वर्षांनी पाहिलं, तर या आजाराने दगावलेले तिन्ही गटांत मिळून ४५. गटागटांत म्हणावा असा फरक नाही. देखरेखीच्या गटात आजार पसरण्याचं प्रमाण मात्र दुप्पट होतं, शेकडा नऊच्या पुढे, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना पुढे उपचार घ्यावेच लागले. तरी या गटातला चौथा हिस्सा पंधरा वर्षं कसलाही उपचार न घेता जिवंत होता. म्हणजे सौम्य जातीचा, ग्रंथीच्या आतच असलेला आजार असेल, तर विचार करायला सवड आहे. दोन-तीन आठवड्यांनी काही बिघडत नाही. किरणोपचारवाल्या डॉक्टरांनाही भेटून या. आपल्याकडे दुखणं वेगळंच आहे; कितीतरी जण कंबरदुखी घेऊन येतात, तेव्हा आजार हाडात शिरलेला असतो. त्यांना हे ऑपरेशन सहसा उपयोगाचं राहिलेलं नसतं.

खर्चाचं एक वाक्य. रोबोचे पैसे वेगळे पडतात. विमा कंपनीला रोबोटिक शस्त्रक्रिया सरसकट नाकारता येत नाही, पण रकमेला मर्यादा घालता येते. पॉलिसीतली ती बारीक अक्षरं आधी वाचा.

ऑपरेशननंतर आठवडा-दहा दिवस लघवीसाठी बाहेरून घातलेली रबरी नळी (कॅथेटर) राहते. ती निघाली की गळतं. खोकलं, हसलं, खुर्चीतून उठलं की गळतं. बहुतेकांचं हे काही आठवड्यांत, काही महिन्यांत आटोक्यात येतं. काहींचं थोडं राहतं. लघवी अडवताना जो स्नायू आवळतो, तो आवळण्याचा व्यायाम ऑपरेशनच्या आधीच शिकून घ्यावा. ताठरतेला जास्त वेळ लागतो, वर्ष-दीड वर्षही, आणि ती पूर्ववत होईलच असं वचन कोणी देऊ नये. वीर्य मात्र त्यानंतर येत नाही. हे आधी, आणि शक्यतो पत्नीला शेजारी बसवून सांगावं, असं मला वाटतं. आमच्याकडे पुरुष या विषयावर डॉक्टरांशीही भिंतीकडे बघून बोलतात.

ते काका? ते दर भेटीला घरच्या भिंतीवरचं कॅलेंडर गुंडाळी करून आणायचे. रोज किती पॅड लागले, तो आकडा तारखेच्या चौकोनात लिहिलेला. पहिल्या महिन्यात पाच, चार, पुन्हा पाच. लग्नाला गेले त्या दिवशी सात, पुढे कंसात 'नाचलो'. चौथ्या महिन्याचं पान त्यांनी माझ्या टेबलावर पसरलं आणि गप्प बसून राहिले. बारा तारखेपुढचे चौकोन कोरे होते.